केबिनच्या वर नेलेला पाइप
पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा वास आला की मला अंकुशनगरच्या रस्त्यावरचा उसाचा हंगाम आठवतो. ट्रॅक्टरांमागची धूळ खाऊन पप्पांची पिकअप चढावर धापा टाकायची, म्हणून शेतात उरलेला पीव्हीसी पाइप मी एअर फिल्टरच्या डब्यापासून थेट केबिनच्या वर नेला, म्हणजे हवा धुळीच्या वरून येईल. गॅरेजवाले काका सगळ्यांसमोर हसले, "काय ताई, गाडीत बोअर पाडला का?" पप्पा ओशाळले. "काढून टाक, लोकं हसून राह्यले." वर्गात कधी हातही वर न करणारी मी म्हणाले, "न्हाई काढणार. आठ दिवस चालवा, मंग बोला." आठव्या दिवशी काकांनी फिल्टर काढला आणि सवयीने टायरवर आपटला. एरवी मूठभर माती पडायची, त्या दिवशी चिमूटभर पडली. त्यांनी पुन्हा आपटला. मग माझ्याकडे न बघता पप्पांना विचारलं, "पाइप किती इंची हाय?" पप्पा म्हणाले, "मला काय माहीत? तिनं बसवला, तिलाच इचारा." काका माझ्याकडे वळून विचारेपर्यंत मी गप्प उभी राहिले. आजही मी चारचौघांत कमीच बोलते, पण तेवढं एक गप्प राहणं लाजेचं नव्हतं.