कोरी पुस्तकं

पेठकडच्या एका आश्रमशाळेतल्या त्या बाई दर जूनमध्ये शाळेच्या वाचनालयासाठी पुस्तकं निवडायला माझ्या नाशिकच्या दुकानात यायच्या. खुर्ची पुढे केली तरी बसायच्या नाहीत. उभ्या उभ्याच पहिलं पान पुटपुटत वाचायच्या, मध्येच हसायच्या, लगेच घड्याळ बघायच्या. "पेठची गाडी चुकंल हो," म्हणत पुन्हा दुसरं पुस्तक उघडायच्या. त्यांची ती घाई माझ्याही अंगात भिनायची.

एकदा बिल झाल्यावर त्यांनी एकेक पुस्तक घेऊन कव्हर मुडपायला सुरुवात केली. मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"अहो बाई, कोरी पुस्तकं आहेत ती!"

"म्हणून तर! कोरी दिसली की आमचे हेडमास्तर कपाटात घालून कुलूप लावतात, तपासणीला साहेब आले की दाखवायला. मळकी तेवढी पोरांच्या हाती लागतात."

बोलतानाही हात चालूच होते. शेवटच्या पुस्तकावर मोठा, निळाशार मोर होता. तिथं मात्र त्या अडखळल्या. कव्हरवरून नुसता हात फिरवत राहिल्या, मग घड्याळाकडे बघितलं, पुन्हा मोराकडे.

शेवटी मीच माझ्या कपातला उरलेला चहा मोराच्या पिसाऱ्यावर सांडला.