यमुनाअक्काची न लावलेली कडी

हे मी कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. देवापाशीसुद्धा नाही — हात जोडले की दुसरंच काहीतरी मागून मोकळी व्हायचे. तुमच्यापाशी बोलते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ अजून रेटत नाही.

डोंगरकडा गावाजवळच्या एका खेड्यात आमचं माळवदाचं घर. तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी धाकटी सून, आणि थोरली सून म्हणजे यमुनाअक्का, माझी जाऊ. तिला मूलबाळ नव्हतं. मला होत होतं, पण राहत नव्हतं. पहिला मुलगा, दुसरी मुलगी, दोघंही महिन्याच्या आत गेली. दोघंही रात्री, माझ्या कुशीत, मी झोपेत असताना. सकाळी हात लावला तर अंग गार. आता सांगा, अशा बाईने पुन्हा कधी डोळा मिटावा तरी कसा?

तिसऱ्या वेळी मुलगा झाला, आणि माझ्या सासूबाईंनी — त्यांना मी आत्याबाई म्हणायचे — ठरवून टाकलं. "तुज्या कुशीत लेकरू ऱ्हात न्हाई. सटवाईला घर ठावं झालंय. ह्याला इकून टाकू." आमच्याकडे असं करतात. मुलं जगत नसली की नव्याला दुसऱ्या बाईच्या ओटीत घालायचं, तिने सुपातून मूठभर कोंडा देऊन त्याला विकत घ्यायचं. मग ते लेकरू आपलं नाही, आणि सटवाईला वाटतं, इथे न्यायला कोणी उरलंच नाही. जावळ काढेपर्यंत ते घेणारणीच्या खोलीत निजतं, आई नुसती पाजणारी. परकी बाई कशाला, म्हणून आत्याबाईंनी यमुनाअक्कालाच पुढे केलं. लेकरूही घरात राहील आणि सटवाईही फसेल, असा त्यांचा दुहेरी बेत. अक्काने कोंडा दिला, पदर पसरला, आणि मुलाचं नाव पडलं कोंडिबा.

तिच्या खोलीत आणि माझ्या खोलीत एक मातीची भिंत. फक्त एक भिंत! पण रात्री ती भिंत केवढी होते, हे मला विचारा. सुगीचे दिवस, गडीमाणसं खळ्यावर निजायला जायची. आत्याबाई ओसरीवर. घर इतकं शांत व्हायचं की माझ्या खाटेखालच्या शेगडीतला निखारा फुटलेला ऐकू यायचा. मी भिंतीला कान लावून पडायचे. तो रडला तर बरं वाटायचं. रडला की अक्का त्याला आणून माझ्या मांडीवर द्यायची, प्याला की उचलून न्यायची. पण नाही रडला तर? शांत निजलेलं मूल आणि गेलेलं मूल — भिंतीपलीकडून दोन्ही सारखीच ऐकू येतात. दिवसा मी चांगली होते, हसत होते, डिंकाचे लाडू खात होते. दिवे मालवले की पुन्हा कान भिंतीला.

कोणाला सांगायचं? नवऱ्याला एकदा म्हणाले, मला भ्या वाटतं. तो म्हणाला, "आता कशाचं भ्या? ते आता आपलं हाये का?" थट्टा केली होती त्याने. मीही हसले. त्या घरात माझ्याइतकं एकटं कोणी नसेल — असं तेव्हा वाटायचं. ते खरं नव्हतं, ते पुढे येईलच.

एका रात्री मला राहवलं नाही. उठले, माजघरातून अंधारात चाचपत गेले, अक्काचं दार लोटलं. कडी लावलेली नव्हती. अक्का भिंतीकडे तोंड करून निजलेली, बाळ तिच्या पाठीशी. मी त्याच्या छातीवर हात ठेवला. काही कळेना. माझ्याच हाताची धडधड लागत होती. नाकाशी बोट नेलं, तरी खात्री पटेना. मग मी — इथे मी नेहमी थांबते. मनातल्या मनातसुद्धा इथेच थांबते.

मी त्याच्या मांडीला चिमटा काढला.

तो रडला. जिवंत होता! मी धावत माझ्या खोलीत आले, खाटेवर पडले, आणि लगेच अक्का त्याला घेऊन आली. मी डोळे चोळत उठले, जणू आत्ताच जाग आली. तो प्याला. त्या रात्री मी कधी नव्हे ती झोपले.

पहिला चिमटा भीतीपोटी होता, एवढं मी माझ्या बाजूने म्हणू शकते. पुढच्यांचं काय म्हणू? मला समजून चुकलं होतं की तो रडला की माझ्याकडे येतो. मग मी भीती वाटली तरी जायला लागले आणि नाही वाटली तरी. तो मांडीवर हवासा वाटला की उठायचे. आपल्याच लेकराला दुखवायचं आणि मग छातीशी धरून उगी उगी करायचं. दार दर वेळी नुसतं लोटलेलंच असायचं. मला त्याचं नवलही वाटलं नाही.

बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईला मांडीवरचे डाग दिसले. काळेनिळे, वाटाण्याएवढे. तिने आत्याबाईंना बोलावलं, आत्याबाईंनी यमुनाअक्काला. मी तिथेच माजघरात पाटावर बसले होते.

"यमुने, काय हे?"

"मला काय ठावं आत्याबाई."

"रात्रभर तुज्यापाशी निजतंय लेकरू, आन तुला ठावं न्हाई? तुला न्हाई झालं म्हनून दुसरीचं बघवंना व्हय तुला?"

अक्का खाली बघत उभी राहिली. एक शब्द बोलली असती तर? माझ्याकडे नुसतं बघितलं असतं तरी मी कोसळले असते. ती बघत नव्हती. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आणि मी गप्प बसले असते तरी आज एवढं लाजिरवाणं वाटलं नसतं. पण मी गप्प बसले नाही. मी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाले, "मला कुनाला काई म्हनायचं न्हाई. माजं लेकरू तेवढं मला द्या."

झालं. त्या एका वाक्यावर सगळा निकाल लागला. बाळ माझ्या खोलीत आलं. अक्काच्या भावाला निरोप गेला, आणि गोरेगावकडून, तिच्या माहेराहून, तो बैलगाडी घेऊन आला. थोरले दीर, तिचे यजमान, त्या दिवशी जवळा बाजार गावाला निघून गेले. बोलणंच नको म्हणून. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरी बायको केली.

निघताना अक्का माझ्या खोलीत आली. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. तिने बाळाच्या टाळूवरून हात फिरवला आणि हळू आवाजात म्हणाली, "द्वारके, रातच्याला त्याला हात लावायच्या आदी शेगडीवर ऊन करत जा. तुजे हात लई गार असत्यात. चिमट्याच्या आदीच दचकतं ते."

मी हात पदराखाली ओढून घेतले.

"मी जागीच असायची," ती म्हणाली. "तू येशील म्हनून तर कडी लावत न्हवते."

एवढं बोलून ती गाडीत बसली. तिला सगळं माहीत होतं, आणि माजघरात सगळ्यांपुढे ती ते बोलली नाही. का बोलली नाही? माझी दोन गेलेली तिने पाहिली होती म्हणून? की तिचं कोणी खरं मानलं नसतं, म्हणून? मला ठाऊक नाही. ओसरीपर्यंत धावत जाऊन "थांबवा गाडी" म्हणायला मला किती वेळ लागला असता? गाडी वेशीच्या बाहेर पडेपर्यंत तिची घुंगरं ऐकू येत होती. मी बाळाला पाजत बसले.

पुढे निजामाचं राज्य जाण्याआधीच्या उन्हाळ्यात सगळीकडे लुटालूट आणि जाळपोळ माजली, आणि गावंच्या गावं निजामाच्या हद्दीबाहेर, वऱ्हाडात सरकू लागली. आमच्याही गाड्या निघाल्या. गोरेगावच्या पलीकडे एका वस्तीवर बैलांना पाणी दाखवायला थांबलो. दिवस मावळत होता. वस्तीवरच्या बाया रस्त्याकडेला चूल मांडून जाणाऱ्या-येणाऱ्यांना भाकरी देत होत्या. त्यांत ती होती. वाळली होती, पण वळली तशी मी ओळखली.

कोंडिबा भाकरी घ्यायला उतरला होता. चांगला टणक पोरगा झाला होता.

"नाव काय रं बाळा?" तिने विचारलं.

"कोंडिबा."

तिचा हात थांबला. "असलं नाव काहून ठिवलं तुजं?"

"आईला आवडलं म्हनून," तो म्हणाला. मीच त्याला तसं सांगून ठेवलं होतं.

तिने गाडीकडे बघितलं. मी डोळे मिटले. झोपल्याचं सोंग घेतलं. पापण्यांच्या फटीतून मला दिसत होतं — तिने दोन्ही हात चुलीवर धरले, ऊन केले, आणि मग त्याच्या गालांना लावले. "जा," म्हणाली, "आई वाट बघती."

माझ्यासाठी ती रोज रात्री जे सोंग घ्यायची, तेच मी तिच्यापुढे घेतलं, आणि तेही स्वतःसाठी. कोंडिबा गाडीत चढला, माझ्याजवळ बसला, भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या हातात देऊन म्हणाला, "आई, ऊठ, गरम हाये." गाडी हलली. मी डोळे उघडले नाहीत.