चैतालीच्या स्केट्सची पाती

देहूरोडच्या लष्करी डेपोतून विठ्ठल ओव्हाळ फिटर म्हणून रिटायर झाले आणि घरी बसायच्या कल्पनेनंच घाबरले. घोरावाडीच्या घरामागं त्यांनी पत्र्याची शेड उभी केली, तिच्यात वस्तू घट्ट धरायचा व्हाइस बसवला, ग्राइंडर बसवला आणि कामाची वाट बघत बसले. शेजारच्या बाया विळे-कोयते घेऊन यायच्या. पण त्यांना धार लावायला असा कितीसा वेळ लागणार?

खरं काम आणलं त्यांच्या मुलीनं, चैतालीनं.

चैताली तळेगावच्या एका शाळेत खेळ शिकवते. लहानपणापासून ती चाकांच्या स्केट्सवर वाढली. घरासमोरच्या डांबरी रस्त्यावर तिनं गुडघे फोडून घेतले नाहीत असा उन्हाळा गेला नाही. लोणावळ्याच्या पुढं एका करमणुकीच्या पार्कात बर्फाचा बंदिस्त हॉल सुरू झाला, तिथं मुलींची आइस हॉकीची टीम जमायला लागली, आणि ही पहिल्याच आठवड्यात तिच्यात जाऊन सामील झाली.

"बर्फावर हॉकी? आन् तीबी लोणावळ्यात?" तिच्या आईला, सरूबाईंना, काही पटेना.

"मशिननं करतात गं आई बर्फ."

"मंग फ्रीजच म्हनायचा की त्यो. त्यात शिरून खेळायचं व्हय?"

विठ्ठलराव मात्र हरखले. मुलीनं वापरलेले का होईना, पण चांगल्या कंपनीचे स्केट्स आणले होते. त्यांनी ते उलटे करून पाहिले. कडक बूट, बुटाखाली काळ्या प्लास्टिकची बैठक, आणि तिच्यात घट्ट बसवलेलं लांब पोलादी पातं. पोलाद नंबरी होतं. "धारेची काळजी तू करू नको," ते म्हणाले, "ते माझ्याकडं."

आणि पहिल्याच वेळी त्यांनी त्या पात्याची माती केली. विळ्याला लावावी तशी सपाट, लखलखीत धार त्यांनी लावली. चैताली बर्फावर उतरली आणि ओल्या फरशीवर म्हैस घसरावी तशी चारी बाजूंना घसरायला लागली. टीमच्या कोच राजेश्वरी मॅडम हसतहसत बर्फाभोवतीच्या काचेपाशी आल्या आणि त्यांनी पलीकडं उभ्या असलेल्या विठ्ठलरावांना आपल्या बुटाचं पातं दाखवलं. पात्याच्या तळाला मधोमध, पुढून मागपर्यंत, उथळ पन्हळ कोरलेली होती. त्यामुळं एकाच पात्याला दोन कडा येतात, एक आतली, एक बाहेरची. खेळाडू कलतो तेव्हा त्यातली एक कड बर्फ धरून ठेवते.

"अस्सं व्हय!" विठ्ठलराव म्हणाले. घरी येताना गाडीत त्यांच्या डोक्यात पन्हळच फिरत होती.

पुढं त्यांनी शेडमध्ये एक गोल कडेचं चाक बसवलं, पातं सरळ धरून पुढंमागं सरकवायला लाकडी फळीवर शिकंजा केला, आणि हात बसेपर्यंत जुन्या लोखंडी पट्ट्यांवर सराव केला. तेव्हापासून शनिवार ठरलेला. सकाळी शेडमध्ये धार, दुपारी बाप-लेक लोकलनं लोणावळ्याला, संध्याकाळी चैताली बर्फावर आणि विठ्ठलराव काचेबाहेर स्वेटर घालून. धार लावून झाली की ते पात्यावर अंगठ्याचं नख आडवं ओढायचे. नखाची पांढरी साल निघाली की मुलीला हाक मारायचे. त्या कामात त्यांचा जीव रमला होता. डेपोतल्या इतक्या वर्षांत आपण घासलेली वस्तू पुढं कुठं गेली, हे त्यांना कधी दिसलं नव्हतं. इथं दिसत होतं. पोरगी वळायची, बर्फाचा भुगा उडायचा, आणि त्यांना वाटायचं, या उडण्यात आपलाही हात आहे.

पण धार म्हणजे पोलाद खाणं. दर शनिवारी थोडं थोडं पातं चाकाखाली जात होतं. विठ्ठलरावांना हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं आणि ते मनावर घेत नव्हते. आपण पातं वाचवतो, अशी त्यांची समजूत. बारीक खाच पडली तर घासून काढायची, गंजाचा ठिपका दिसला तर पॉलिश करायचा. डेपोत त्यांची ख्यातीच होती, की दुसऱ्यांनी भंगारात टाकलेला पार्ट विठ्ठल चालता करतो.

एका शनिवारी मुंबईच्या टीमबरोबर सरावाचा सामना होता. चैताली चेंडूच्या जागी वापरतात ती रबराची चकती घेऊन कडेनं सुसाट आली, गोलच्या मागून वळायला खूप खाली कलली, आणि तिचा डावा पाय अंगाखालून निघून गेला. ती मैदानाच्या कडेच्या फळ्यांवर जाऊन आदळली. उठली, मनगट झटकलं, खेळायला लागली. राजेश्वरी मॅडमनी विचारलं तर म्हणाली, "बर्फ मऊ आहे आज."

विठ्ठलरावांनी मात्र पाहिलं होतं. धार सुटली की पाय चर्रकन घसरतो. तसं झालं नव्हतं. बूटच्या बूट वर उचलल्यासारखा झाला होता, जणू पात्याच्या आधी दुसरंच काहीतरी बर्फाला टेकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेडमध्ये स्केट्स पुसत बसले. डाव्या बुटाची प्लास्टिकची बैठक आतल्या बाजूनं घासली, तर फडक्याला काळं लागलं. त्यांनी पुन्हा पुसलं. आणखी काळं. त्याच्याखाली पांढरे ओरखडे दिसायला लागले, एकाशेजारी एक, बर्फावर घासून पडलेले. म्हणजे पातं इतकं झिजलं होतं की खेळाडू खाली कलली की प्लास्टिकच बर्फाला लागत होतं. मग धार कितीही असो, कड बर्फापर्यंत पोचणार कशी?

आणि त्या ओरखड्यांवर कुणीतरी काळ्या मार्करनं रेघा मारून ते झाकले होते.

विठ्ठलराव ते फडकं हातात घेऊनच उठले. स्वयंपाकघरात गेले आणि सरूबाईंना म्हणाले, "पोरीला ठावं हाय. लय दिसांपासून ठावं हाय. माझ्यापास्नं लपवतीया."

"मंग इचारा की तिला. मला काय सांगताय?" सरूबाई भाकरी थापत म्हणाल्या. "तुमीबी तिच्यापास्नं लपवताच की. मागं तुमीच म्हनला न्हवता, पातं आता कमी ऱ्हायलं म्हनून? आन् परत लावलीच धार."

विठ्ठलराव फडकं घेऊन तसेच बाहेर गेले.

चैताली अंगणात कपडे वाळत घालत होती. ते तिच्यासमोर फडकं धरून उभे राहिले. ती फडक्याकडं बघून ओशाळली.

"पप्पा, मी सांगणार होते."

"कवा? हातपाय मोडल्यावर?"

"तुम्ही इतक्या मायेनं धार लावता. शनिवारी सकाळी तुमचा चेहराच वेगळा असतो. पातं संपलं म्हटलं तर तुम्हाला वाटलं असतं, तुमच्याच हातून झिजलं."

"माझ्याच हातून झिजलंय ते. धार लावली म्हन्ल्यावर झिजनारच." ते ओट्याच्या पायरीवर बसले. "मला वाटायचं तू ह्याच पात्यांवर शिकलीस, पहिला गोल ह्याच्यावर मारलास. काढ म्हन्लं तर तुला वाईट वाटंल. म्हनून मी आपलं ओढतोय."

चैताली हसायला लागली. "मला कसलं वाईट वाटतंय! मला वळता येत नाहीये, पप्पा!"

मग तेही हसले. आतून सरूबाईंनी विचारलं, काय झालं म्हणून, तर कुणालाच धड सांगता येईना.

पुढच्या शनिवारी विठ्ठलराव बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर खिशात घालून हॉलवर गेले. टीममधल्या स्नेहलचे स्केट्स त्याच कंपनीचे, पण नवे. त्यांनी दोन्ही पाती मोजली. स्नेहलच्या पात्याच्या मानानं चैतालीचं निम्मंही उरलं नव्हतं. शिवाय टोकं इतकी खाल्ली गेली होती की पात्याचा मूळचा होडीसारखा बाक बिघडला होता. हे त्यांच्या हाताचं काम, टोकाशी चाक जरा जास्त रेंगाळायचं. ते त्यांनी राजेश्वरी मॅडमना स्वतःहून दाखवलं. "टोकाशी हात उचलायचा," मॅडम म्हणाल्या. "धार लावणारे सगळेच सुरुवातीला ही चूक करतात, काका. मीही केलीय."

नवी पाती कुरिअरनं आली. बूट तेच, बैठक तीच. जुनं पातं ओढून काढायचं आणि नवं दाबून बसवून पेच आवळायचा, एवढंच काम. जुन्या पात्यांचं उलथनं करून द्या, असा सरूबाईंचा हट्ट होता. हे पोलाद वाकणार नाही, तुटेल, असं विठ्ठलरावांनी समजावलं, आणि फुटक्या कुकरबरोबर ती भंगारवाल्याला देऊन टाकली.

नव्या पात्यांवर चैताली पहिल्यांदा उतरली तेव्हा उंच टाचांच्या चपला घातल्यासारखी चालली आणि दोनदा सपशेल पडली. विठ्ठलरावांचा जीव टांगणीला लागला. तिसऱ्या फेरीला ती गोलमागून वळली. इतकी खाली कलली की हातमोजा बर्फाला लागला, आणि पाय जागचा हलला नाही. काचेवर बर्फाचा भुगा सपकन येऊन आदळला, नेमका विठ्ठलरावांच्या तोंडासमोर. त्यांनी काचेच्या अलीकडं असूनही डोळे मिटून घेतले.

त्याच हिवाळ्यात टीम महाराष्ट्राकडून लेहला खेळायला निघाली, आणि राजेश्वरी मॅडमनी विठ्ठलरावांना बरोबर चला म्हणून सांगितलं. आपला शिकंजा आणि चाक पत्र्याच्या पेटीत घालून ते आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. तिथं तळं गोठून बर्फ झालेलं. पहिले दोन दिवस त्यांना दम लागला, नुसतं गरम पाणी पीत पडून राहिले. मग तळ्याकाठच्या तंबूत त्यांचं दुकान बसलं. त्यांच्या टीमच्या पोरी यायच्याच, पण दुसऱ्या राज्यांच्याही यायला लागल्या. विठ्ठलराव आधी बूट उलटा करायचे, प्लास्टिकवर ओरखडे आहेत का बघायचे, पातं डोळ्यासमोर धरून वाकलंय का बघायचे, आणि मगच चाक चालू करायचे.

हिमाचलची एक मुलगी आली, तिचं पातं पार संपलेलं. धार लावून द्या, असं ती हिंदीतून विनवत होती, दुपारी मॅच होती. विठ्ठलरावांनी शेजारी बसलेल्या चैतालीकडं पाहिलं. चैतालीनं जादा मागवून बॅगेत ठेवलेली पाती काढून पुढं केली. त्या मुलीचे बूट त्याच कंपनीचे, त्याच मापाचे; पाती बरोब्बर बसली. दुपारी ती मुलगी महाराष्ट्राविरुद्धच खेळली आणि तिनं एक गोलही मारला.

"घ्या! दुसऱ्याला पाती द्या अजून," स्नेहल वैतागून म्हणाली. पण मॅच महाराष्ट्रानंच काढली, शेवटचा गोल चैतालीचा. पुढचे दोन सामने त्या हरल्या आणि परतीची तिकिटं झाली.

संध्याकाळी सरूबाईंचा फोन आला. "थंडी लय हाय का? जेवला का?"

"जेवलो. थुक्पा म्हनून असतंय, गरम, शेवया घातलेलं. लय झ्याक," विठ्ठलराव म्हणाले. "आन् ऐक, आनखी दोन टीमा म्हनत्यात, फुडल्या वर्षी बी या म्हनून."

"मंग जावा की," सरूबाई म्हणाल्या. "मीबी येते. इमानात बसायचंय मला."