जुन्या मागावरचा नमुना

अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कामातला एक नेम होता. टॉवेलाचं नवं डिझाइन चौकटीच्या कागदावर काढून झालं की पहिला नमुना कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या मागावर विणायचा. नव्या मागावर काय, काहीही उतरतं. जुन्यावर उतरलं तर खरं. भवानी पेठेतल्या त्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं हेच केलं आणि लहानपणापासून मी हेच ऐकलं. ऐकून काय उजेड पाडला ते सांगते.

एक दिवस मालक म्हणाले, "मास्तर, आता डिझाइन कॉम्प्युटरवरच पाहिजे. महिन्याभरात जमवा, नाहीतर दुसरा माणूस बघतो." बाजारातले प्रोग्राम बघून अप्पांना घाम फुटला. मी प्रोग्रामर. म्हटलं, "मी करते की तुमच्यापुरता." अगदी त्यांच्या कागदासारखा, चौकटीवर टिचकी मारली की ती भरणार. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहायचा, एवढं नक्की होतं.

अडलं ते टूलकिटपाशी. खिडक्या, बटणं, रकाने आयते देणारा संच. एक त्या भाषेबरोबरच मिळतो. राखाडी, चपटा, सरकारी फॉर्मासारखा अवतार. दुसरा वेगळा घालावा लागतो, पण काय देखणा! गोल कडा, मऊ सावल्या. मी दोन आठवडे दोन्हींची तुलना करत बसले. कसली तुलना, डोंबल! देखणाच घ्यायचा, हे ठरलं पहिल्याच दिवशी होतं. मालक बाजूच्या दोन कारखान्यांतही मला काम मिळवून देणार होते. त्यांच्यापुढे ती राखाडी खिडकी उघडायची मला लाज वाटत होती.

घरच्या लॅपटॉपवर अप्पांनी तासाभरात अख्खा मोर भरला. "लई सोपं केलंस की गं!" मग हळूच म्हणाले, "पण कारखान्यातल्या कॉम्प्युटरच्या मशीनवर बघितलंस का? लई जुनं हाय ते."

"कुठंही चालतं हो अप्पा. तुम्हाला नाही कळायचं त्यातलं."

असंच म्हणाले मी. जीभ कशी झडली नाही!

दाखवायच्या दिवशी कारखान्यात मालक अप्पांच्या खुर्चीमागे उभे राहिले. अप्पांनी प्रोग्राम चालू केला. पांढरी खिडकी. चौकट नाही, बटण नाही. बंद करून पुन्हा उघडला, तरी पांढरीच. त्या जुन्या मशीनला माझ्या देखण्या सावल्या झेपतच नव्हत्या. मला बघताक्षणी कळलं. मालकांनी माझ्याकडे बघितलं. "काय ओ ताई, काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत अप्पा बोलले. "पोरीनं बरोबर केलंय मालक. मीच कायतरी भलतं दाबलं. मला न्हाय कळत त्यातलं."

आणि मी गप्प बसले. सोमवारी त्यांच्या टेबलावर दुसरा माणूस आला.

नंतर त्या राखाडी टूलकिटवर सगळं पुन्हा लिहायला मला चार दिवस लागले. चारच. एका मैत्रिणीकडून भंगारात निघालेला कॉम्प्युटर आणून त्यावर प्रोग्राम चालवून दाखवला. अप्पांनी मोराचा डोळा भरला, जरा वेळ बघितलं. "उतरलं की जुन्यावर," म्हणाले आणि उठून अंगणात गेले.

त्या दोन कारखान्यांचं काम मला मिळालं. मालक अजूनही भेटले की विचारतात, "मास्तर बरे आहेत ना? बिचाऱ्यांना कॉम्प्युटर काही जमला नाही." मी "हो" म्हणते.