रहीमभाईंना क्लबात परत घेतलं

मित्रांनो, बोलायला तोंड नाही, म्हणून हे क्लबाच्या फलकावर लावतोय.

आज सभेत आपण रहीमभाईंना एकमताने परत घेतलं. बेचाळीस साली ते नगरच्या छावणीतल्या गोऱ्या सैनिकांच्या संघाकडून खेळले, म्हणून त्यांना काढायचा ठराव माझाच होता. ‘चले जाव’च्या चळवळीसाठी आपण तेव्हा फुटबॉलच बंद केला होता. मग त्यांनी खेळायचं कुठे, हे माझ्या भाषणात नव्हतं.

बातमी द्यायला त्यांच्या घरी गेलो.

“आता घेता व्हय, मास्तर? गुडघा गेल्यावर?” ते हसले.

“आमचे सगळे गोल तुमच्या पासवर झाले, हे आज सगळ्यांनी कबूल केलं.”

“तवा बी ठाऊक हुतं की!”

बेचाळीसच्या त्या सभेत त्यांना काढायला हात वर करताना तुमच्यापैकी कुणाला हे ठाऊक नव्हतं?