पाय धुतले, गिलास तिथेच

“मावशी, आधी नळावर जाऊन पाय घासून या. साबण लावून.”

ऑफिसातल्या मॅडमनी सांगितलं आणि मी गेले. बाथरूमच्या नळाखाली टाचा खसाखसा घासल्या. मग येऊन खुर्चीवर बसले आणि क्लासच्या सरांनी पितळी परातीत माझे तेच धुतलेले पाय पुन्हा धुतले. सरांचा वाढदिवस होता. मॅडम मोबाइल धरून समोर उभ्या होत्या.

नांदेडला डॉक्टर व्हायचं म्हणून गावोगावची पोरं येतात, त्यांचा हा क्लास. तिथे मी चार मजले झाडायचे, संडास धुवायचे. त्या दिवशी पेटीतली हिरवी साडी नेसून गेले होते. मॅडम म्हणाल्या, “ही नको. रोजचीच पाहिजे. वरून निळा कोट घाला.” साडी पिशवीत गेली. परातीत तीनदा पाणी ओतलं. पहिल्यांदा सरांचा चेहरा नीट आला नाही. दुसऱ्यांदा मला हसू आलं. “हसू नका, डोळे भरून येऊ द्या,” मॅडम म्हणाल्या. तिसऱ्यांदा आले भरून. लाजेनं.

मी पदरानं पाय पुसत होते तोवर सर मोबाइलमध्ये. “किती लाइक झाले?” ते मॅडमना विचारत होते. व्हिडिओखाली त्यांनी लिहिलं होतं, मी कुणी मोठा नाही, साधा सेवक आहे. त्याखाली लोकांची रांग. किती नम्र माणूस. असा गुरू मिळायला भाग्य लागतं. माझं नाव एकानंही विचारलं नाही.

खोटं कशाला बोलू, हाव मलाही सुटली. पोरीला तासातासाला विचारायचे, “बघ गं, आता किती बदाम आले?” व्हिडिओ कंधारला भावाला पाठवला. पोरगी म्हणाली, “आई, ह्यात तुझं नाव कुठंच न्हाई. नुसतं मावशी लिव्हलंय.” मी तिलाच गप्प केलं. मला वाटत होतं, एवढ्या लोकांदेखत पाय धुतले म्हणजे आता बदलेल.

काय बदलायचं होतं? एक गिलास. पाण्याच्या कूलरपाशी सगळ्यांसाठी गिलास असायचे. माझा वेगळा, बाथरूमच्या खिडकीत. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पहिल्या दिवशी मॅडमनी बोट दाखवलं आणि मी आठ वर्षं त्यातच प्याले.

व्हिडिओच्या दुसऱ्या दिवशी धीर करून मी कूलरवरचा गिलास उचलला.

“मावशी, तुमचा गिलास तिकडंय ना,” मॅडम म्हणाल्या.

सर शेजारीच उभे होते. त्यांनी ऐकलं. मोबाइलमधून मान काही वर केली नाही. मी तोंडाशी नेलेला गिलास खाली ठेवला. मॅडमनी तो घासायला टाकला. घासायचा मलाच होता. घासला.

वर्षभर ते मनात कुजत राहिलं. पुढच्या वाढदिवसाला परात पुन्हा निघाली. “पाय घासून या, मावशी.” मी बाथरूममध्ये गेले. पाय घासले नाहीत. खिडकीतला गिलास घेतला, कूलरवर भरला आणि मॅडमनी मोबाइल धरल्यावर सरांपुढे केला.

“सर, आधी ह्यातलं पाणी प्या. मग पाय धुवा.”

सरांनी गिलासाला हात लावला नाही. मग मॅडमना म्हणाले, “बंद करा ते.” नम्र माणूस.

दुसऱ्या दिवशी मला वॉचमननं आत सोडलं नाही. जिना झाडणाऱ्या दुसऱ्या बाईला त्याच खुर्चीवर बसवलं, तिचे पाय धुतले. बदाम माझ्यापेक्षा जास्त आले. माझं बोलणं कुणाला दिसलंच नाही, ते त्यांनी मोबाइलमधून पुसून टाकलं. भाऊ फोनवर म्हणाला, “कशाला नडून राहिलीस? पाणीच तर होतं.” मी जिंकले असं कुणी समजू नये.

आता एका बंगल्यावर धुणीभांडी करते. पहिल्याच दिवशी बाईंनी खिडकीत ठेवलेला दांडी तुटलेला कप दाखवला. मी म्हणाले, “सगळे पितात त्यात द्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या.”

त्यांनी राहू दिलं.

नांदेडच्या उन्हाळ्यात दुपारी तिथे जीभ टाळूला चिकटते. चिकटू दे. वेगळ्या भांड्यातलं पाणी मी पिणार नाही. आणि माझे पाय कुणाच्या परातीत ठेवणार नाही.