रंजनाबेनच्या बॅटरीतलं पाणी

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगता येतंय. बायकोला सांगितलेलं नाही. आई गेली, तिलाही नाही. दोनदा तोंड उघडलं होतं, आणि दोन्ही वेळा भलतंच बोललो — एकदा तर पंख्याला तेल घालायला हवं, असं म्हणालो. आजही कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. बॅटरीपासून करू, की त्या बाईपासून?

बॅटरीपासून करतो. ते सोपं आहे.

मी लिंबायतचा. वडील धुळ्याकडून लूमवर कामाला सुरतेत आले, ते तिथलेच झाले. मी आयटीआय केलं आणि कामरेजजवळ एका बॅटरीच्या कारखान्यात लागलो. सुरतेत प्लेग येऊन गेला, त्यानंतर दोनेक वर्षांत मी तिथं टेस्टिंगचा मुख्य झालो. मुख्य म्हणजे काय — एक खोली, एक टेबल आणि रिपोर्टाखाली माझी सही. पण आमच्या गल्लीत इंग्रजी कागदावर सही करणारा मी एकटा होतो. वडील ते लोकांना सांगायचे. मी ऐकत नसल्यासारखं दाखवायचो.

तेव्हा आमच्याकडे एक मोठं काम आलं. सोनगडच्या पुढं डोंगरात, जिथं विजेचे खांब पोहोचले नव्हते, तिथल्या एका आरोग्य केंद्रात सूर्याच्या पत्र्यांवर चालणारा लसींचा फ्रिज बसवायचा होता. दिवसा पत्रे बॅटरी भरणार, आणि रात्री किंवा आभाळ आलं की बॅटरी फ्रिज चालवणार. हल्लीच्या हलक्या लिथियमच्या बॅटऱ्या तेव्हा कुणी पाहिल्या होत्या? आमच्या शिशाच्याच, एकेक सेल दोघांनी उचलावा इतका जड. असे बारा सेल. त्यात घालायच्या प्लेटा नव्या पुरवठादाराकडून घ्या, जास्त क्षमता मिळेल, हे शेठना मीच पटवलं होतं. शेठ तयार नव्हते. मी हट्ट धरला.

चाचणी दहा तासांची असते. ठरलेला भार लावायचा, दर अर्ध्या तासानं प्रत्येक सेलचं व्होल्टेज लिहायचं. सकाळी आठला सुरू केली. दुपारपर्यंत सगळं छान. तीनच्या सुमाराला नववा सेल पडायला लागला. बाकीचे अकरा ताठ, आणि हा खाली खाली. हात लावून पाहिला — गरम. काय करायला हवं होतं, ते मला माहीत होतं. चाचणी थांबवायची, सेल काढायचा, नव्या प्लेटा उघडून बघायच्या. आणि शेठना सांगायचं, की माझी निवड चुकली.

मी भार काढून टाकला. उरलेली रीडिंगं खुर्चीवर बसून मनानं लिहिली. सहा वाजता शेठ दारात आले. "मधुभाई, थई ग्युं?" एवढंच विचारलं त्यांनी, झालं का. धमकी नाही, घाई नाही. नाही झालं म्हणालो असतो तर ते चहा मागवून माझ्याशेजारी बसले असते. हे मुद्दाम सांगतोय. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती.

"थई ग्युं," मी म्हणालो.

इथंच संपलं असतं, तर मी तुम्हाला कशाला त्रास दिला असता?

बसवायला मीच गेलो. त्या केंद्रात रंजनाबेन नावाच्या नर्स होत्या, तिशीच्या आतल्या. मूळच्या नंदुरबारकडच्या. माझं आडनाव ऐकल्याबरोबर गुजराती सोडून अहिराणीत बोलायला लागल्या. "भाऊ, तू तं आपला शे!" म्हणाल्या, आणि केंद्रामागच्या खोलीत नेऊन मला भाकरी आणि ठेचा वाढला. मग वही घेऊन समोर बसल्या. पाणी कधी घालायचं, कुठल्या खुणेपर्यंत, लाल दिवा लागला तर काय — सगळं विचारून लिहून घेतलं. इतकं नीट मला कधीच कुणी विचारलं नव्हतं.

उन्हाळा सुखरूप गेला. जुलैत त्यांचं पत्र आलं. दोन दिवस आभाळ राहिलं की पहाटे लाल दिवा लागतो, फ्रिज बंद पडतो, ऊन आलं की आपोआप सुरू होतो. लसीला धोका तर नाही ना? पत्र माझ्याच टेबलावर आलं. वाचताक्षणी समजलं, हा नववा सेल. मी उत्तर लिहिलं — कंपनीच्या कागदावर, सहीशिक्क्यासह. लाल दिवा ही फक्त सूचना आहे, फ्रिज बंद झाला तरी आतला गारवा टिकतो, काळजी नसावी. मात्र पाण्याची पातळी कायम राखावी. ऑगस्टमध्ये दुसरं पत्र आलं. त्यालाही तेच उत्तर. दोन्ही पत्रं मी खणात तळाशी घातली, शेठना दाखवली नाहीत. पावसाळा संपेल, असं रोज स्वतःला सांगायचो. ऊन पडेल, सगळं ठीक होईल. सकाळी कारखान्यात शिरताना आधी ढगांकडे बघायचो. त्या पावसाळ्यात माझं वजन इतकं उतरलं की आईनं कावीळ समजून दवाखान्यात नेलं.

दिवाळीनंतर तिथल्या एका पाड्यात गोवर आला. ज्या मुलांना लस टोचली होती, त्यांनाही झाला. दोन मुलं गेली. त्यातली एक मुलगी अडीच वर्षांची होती. रंजनाबेनच्या रजिस्टरात तिच्या नावापुढं लस दिल्याची खूण होती, तारखेसकट. ते पान मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

कारण चौकशीला कंपनीतर्फे मीच गेलो. आरोग्य खात्याचे एक साहेब आले होते. ते बाहेर सरपंचांशी बोलत होते, रंजनाबेन रजिस्टर आणायला आत गेल्या, आणि बॅटरीच्या खोलीत मी एकटा. टोपणं काढून बघितलं. पाणी बरोबर खुणेपर्यंत होतं, बाराही सेलमध्ये. त्या बाईनं कुठंही कसूर केली नव्हती.

आता जे सांगायचंय ते हे आहे. इतका वेळ त्याच्याभोवतीच फिरत होतो.

माझ्याकडे हायड्रोमीटर होता — काचेची नळी, वर रबरी फुगा. बॅटरीतलं आम्ल ओढून तपासायचं साधन. मी नवव्या सेलमध्ये नळी घातली, फुगा दाबला, सोडला. वर आलेलं आम्ल पिशवीतल्या प्लास्टिकच्या बाटलीत सोडलं. पुन्हा घातली. पुन्हा. प्लेटा उघड्या दिसेपर्यंत. मग शेजारच्या दोन सेलमधूनही, म्हणजे एकट्याच सेलवर नजर जायला नको. हात थरथरत नव्हते. थरथरले असते तर निदान तेवढं तुम्हाला सांगता आलं असतं. बाटलीचं झाकण लावलं, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि साहेबांना हाक मारली.

साहेबांनी वाकून पाहिलं. माझी दोन्ही उत्तरं रंजनाबेननी जपून ठेवली होती. आपल्या बाजूचा पुरावा म्हणून त्यांनीच ती विश्वासानं पुढं केली. साहेबांनी वाचली आणि म्हणाले, "कंपनीनं तुम्हाला पाण्याचं दोनदा लेखी कळवलं होतं."

रंजनाबेन माझ्याकडे वळल्या. "मी काल सकायमाच पानी टाकं, भाऊ. तू सांग ना यास्ले."

काल सकाळीच पाणी घातलंय, यांना तू सांग. माझ्याकडे काय मागितलं त्यांनी? एक वाक्य. मी जमिनीकडे बघत म्हणालो, "पातळी तर समोरच दिसतेय, ताई."

बाहेर त्या गेलेल्या मुलीचा बाप उभा होता. तो दारातून रंजनाबेनकडे बघत होता — माझ्याकडे नाही. मला त्यानं पाणी विचारलं होतं, आलो तेव्हा.

रंजनाबेनना आधी घरी बसवलं, मग नोकरीवरून काढलं. महिन्याभरानं मी 'नेहमीची तपासणी' म्हणून पुन्हा तिथं गेलो आणि नववा सेल गुपचूप बदलला. त्यानंतर फ्रिज कधीच बंद पडला नाही. नवी नर्स आली आणि फ्रिज सुरळीत चालायला लागला — सगळ्यांनी एवढंच पाहिलं. म्हणजे दोष कुणाचा होता, हेही आपोआप सिद्ध झालं. शेठनी माझी पाठ थोपटली. त्या पुरवठादाराच्या प्लेटा मी नंतर हळूच बंद केल्या, भलतंच कारण देऊन.

तीन वर्षांनी माझ्या मुलीला ताप आला म्हणून लिंबायतमधल्या एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेलो. सुई उकळत असलेल्या स्टोव्हपाशी एक बाई उभी होती. मी ओळखलं. पळून जावं असं वाटलं, पण मुलगी कडेवर होती. त्यांनीही ओळखलं. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी मुलीच्या कपाळाला हात लावला, नाव विचारलं. इंजेक्शन इतकं अलगद दिलं की ती रडलीसुद्धा नाही. मग कापूस दाबून धरत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊ, मी लई वेळा आठवून पाहते. पाणी टाकलं होतं असंच वाटतं. पण तुम्ही तर स्वतः बघितलं. म्हणजे मीच विसरले असेन. ती पोरं माझ्यामुळं…"

त्यांनी कापूस उचलून बघितला आणि पुन्हा दाबून धरला.

दवाखान्यात पाच-सहा माणसं होती. कारखान्याशी, साहेबांशी त्यातल्या कुणाचाही संबंध नव्हता. मला कुणाची भीती नव्हती. सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

मी म्हणालो, "होतं असं, ताई. माणूस विसरतो."

त्यांनी मान हलवली. मी मुलीला खांद्यावर घेतलं आणि घरी आलो.